सुरुवाती तेवढ्या माझ्या

४ जून

ठकू,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण.

तू लिहितेस की आत्या, तुझ्याजवळ सिनेमांच्या आठवणींचा खजिना आहे, तो माझ्यासाठी उघड. खजिना कसला डोंबलाचा! सगळी उमर थेटरात गेली पण पुरा पिक्चर मी एकही बघितलेला नाही. तुमच्या घरात हे कुणालाच कसं माहीत नाही, याचं मला नवल वाटतं. तुझ्या बापाला तर वाटतं की मी बसून फुकट पिक्चर बघितले आणि वर पगार घेतला.

माझं काम काय ते नीट वाच. दारात उभं राहून तिकीट फाडायचं. दिवे गेले की बॅटरी घेऊन आत शिरायचं आणि उशिरा येणाऱ्यांना त्यांच्या खुर्च्या दाखवायच्या. सगळे बसले की दार ओढून घ्यायचं आणि कॅन्टीन गाठायचं, कारण इंटरव्हलला चहा उकळलेला लागतो. इंटरव्हल झाला की कपबश्यांचा ढीग. लोक घरी जायचे ते मागच्या गल्लीतल्या दारांनी. तिथे दुसरा माणूस. म्हणजे पिक्चरच्या सुरुवाती तेवढ्या माझ्या, बाकीचं ज्याचं त्याला.

तुला पोरीबाळी मोठ्या होतात त्या पिक्चरांबद्दल हवंय ना? तुम्ही त्याला काय म्हणता ते तू लिहिलंयस, वयात येण्याचा सिनेमा. हे नाव आधी बदला. आमच्या वेळी पोरगी वयात आली की घरचे दाराला कडी लावायचे. त्याचा कसला पिक्चर काढणार, कडीचा?

पण ते पिक्चर मला ओळखू यायचे. सुरुवातीला त्यात कुणी कामाचं बोलत नाही. बोलून उपयोग काय? खुर्च्या धाडधाड आपटत असतात, कुणाचं पोर भोकाड पसरतं, कुणी माझ्यावरच डाफरतं की बाई, बॅटरी डोळ्यांत मारू नका. त्यामुळे आधी नुसतं दाखवतात. पोरगी आरशात बघते, पोरगा भिंतीवर चढतो. आणि त्यांना काहीतरी हमखास अपुरं पडत असतं. कुठे बाही कोपरापर्यंत चढलेली, कुठे पलंगाच्या बाहेर पाय आलेले. मग घरातून कुणीतरी हाक मारतं, आणि ते पोर लगेच ओ देत नाही. तिथे मी समजायची, हा त्यातला. ओ दिली की तो दुसरा, हाणामारीचा नाहीतर भुताचा.

एवढंच मला येतं. याच्यावर तुझी परीक्षा निघत असेल तर तुझ्या त्या सिनेमाच्या शाळेची फी जरा जास्तच आहे.

इकडची खबर अशी की थेटर बंद होतंय. मालक थकले, त्यांची मुलं म्हणतात इथे दुकानं काढू. तिकिटाच्या खिडकीवरची माझी खोली पण त्यातच जाणार. तुझ्या बापानं मला न विचारता ठरवलंय की मी तुमच्याकडे यायचं. तुमची स्वयंपाकघरामागची खोली रिकामी केली म्हणे. वहिनीचे गुडघे धरलेत. तुला कळलं असेलच.

हे फोनवर का नाही सांगत म्हणशील. फोनवर तू हो हो करतेस आणि दुसरंच काहीतरी करत असतेस. कागद निदान हातात धरावा लागतो.

तुझी,
आत्या


१५ जून

आत्या,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. रागावू नकोस, कडीचं वाक्य गाळून. सगळे हसले. ते ओ न देणं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पण तुझं एक मला पटत नाही. आता लोक घरी पांघरुणात पडून फोनवर सिनेमा बघतात. खुर्च्या आपटत नाहीत. तरी आजचे चांगले सिनेमे सुरुवातीला गप्पच असतात. म्हणजे कारण काहीतरी वेगळं आहे. आमचे सर म्हणतात की सुरुवातीच्या दृश्यात मुलीजवळ काय नाही ते दिसायला हवं. तिच्या हातात काय आहे ते कुणी बघत नाही, हात रिकामा का आहे ते बघतात. आणि शेवट म्हणजे त्या सुरुवातीला दिलेलं उत्तर. मला वाटतं सुरुवात म्हणजे एक शब्द दिलेला असतो बघणाऱ्याला. काही सिनेमे तो पाळतात. काही साफ खोटं बोलतात, आणि गंमत म्हणजे त्यातलेच काही फार चांगले असतात.

मला या वर्षी माझा पहिला छोटा सिनेमा करायचाय. मोठं होण्यावरच. सरांनी सुरुवातीचं दृश्य आधी लिहून आणायला सांगितलंय, ते पसंत पडलं तरच पुढे कॅमेरा हातात मिळेल. म्हणून विचारते. इतक्या सुरुवाती बघितल्यास, त्यातली कुठली मनात राहिली?

बाबांचा फोन आला होता. खोली चांगली केलीय गं, खिडकीला नवी जाळी बसवलीय. इतकी वर्षं उभी राहिलीस, आता जरा आराम कर ना. मलाही सुट्टीत तू घरीच भेटशील.

तुझी,
ठकू


२४ जून

ठकू,

आराम हा शब्द परत लिहिलास तर पत्र न वाचता चुलीत घालीन. चूल नाही, गॅस आहे, तरी घालीन.

तुमच्याकडचा आराम मला पाठ आहे. आधी म्हणायचं, ताई, तुम्ही बसा हो. मग म्हणायचं, बसल्या बसल्या तेवढी भाजी निवडता का. मग एक दिवस सगळं घर बसतं आणि मी उभी. तुझी आई वाईट नाही. तुझा बाप पण वाईट नाही, दर रविवारी येऊन माझी खबर घेतो, बल्ब गेला तर बदलून देतो. वाईट असता तर बरं झालं असतं, एका भांडणात मोकळी झाले असते.

आता तुझा प्रश्न. एक सुरुवात आहे. पिक्चरचं नाव विचारू नकोस, पोस्टरवर बस होती एवढं आठवतं. मी तेव्हा तुझ्याएवढी. तो पिक्चर आमच्याकडे ठाण मांडून बसला होता, जाईच ना. त्यामुळे ती सुरुवात मी इतक्यांदा बघितली की ती पोरगी माझ्या घरातली झाली.

सोळा-सतरा वर्षांची पोरगी उंबऱ्यावर बसून बूट घालतेय. गेल्या वर्षीचे बूट. पाय आत जातो, टाच जात नाही. ती ओढते, आपटते, परत ओढते. मग उठते, सुरी आणते, आणि बुटांची मागची बाजू कापून टाकते. कराकरा. दोन्ही बुटांची. बाहेर आलेली टाच लाल झालेली दिसते. तेवढ्यात आतून आई हाक मारते. पोरगी सुरी जागेवर ठेवते, पुसून ठेवते, आणि ओ न देता चालायला लागते. बूट फटक फटक वाजतात. मग बस येते. ती चढते. तिथे मी दार ओढून घ्यायची.

दुसऱ्यांदा बघायला आलेल्या बायका मला दारात सांगायच्या, शेवट काय सुंदर केलाय हो, रडू आवरत नाही. मी म्हटलं झालं, पोचली पोरगी. जिथे जायचं तिथे पोचली असणार, म्हणून या रडतायत.

त्याच दिवसांत तुझ्या आजोबांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा बरा होता, घर बरं होतं, अट एकच की थेटरची नोकरी सोडायची. आतून हाका चालल्या होत्या आणि मी ओ दिली नाही. कुणी विचारलं नाही हे धाडस कुठून आलं, म्हणून कधी सांगितलं नाही. आज तुला सांगितलं.

आता पुढचं वाच, आणि घरी बोलशील तर याद राख. मी गाडी शिकतेय. हसून घे. इथल्या शाळेला बालवाडीच्या पोरांसाठी व्हॅन चालवायला बाईमाणूस हवंय. व्हॅन ठेवतात त्या गॅरेजवर एक खोली आहे, ती चालवणाऱ्याला मिळते. शिकवायला एक रिटायर झालेले बसड्रायव्हर येतात, ड्रायव्हरकाका म्हणते मी त्यांना. एका कानानं ऐकू येत नाही, आणि गाडीत तोच कान माझ्याकडे असतो. मी विचारते आता काय करू, ते म्हणतात हवा छान आहे. परवा मी भाजीवाल्याच्या हातगाडीला पाव इंचावर थांबले. भाजीवाला अजून मला बघितलं की हातगाडी फुटपाथवर चढवतो.

शिकणार म्हणजे शिकणार.

आत्या


९ जुलै

आत्या,

मी हसले नाही. खरं तर हसले, पण उभं राहून टाळ्या वाजवतात तसं.

आणि तुझा सिनेमा सापडला! आमच्या शाळेच्या संग्रहात पोस्टरवर बस असलेले बरेच निघाले, पण बूट कापणारी एकच. एकटीनं बसून बघितला. तुला सगळं बरोबर आठवतंय, फक्त हाकेतले शब्द राहिले. आई रागानं हाक मारत नाही. तिचा आवाज फार साधा आहे. ती विचारते, "पाणी भरून घेतलंस का?" बस. मुलीला जाऊ देणारा एक शब्द तिच्या तोंडात नाही आणि अडवणाराही नाही. मला वाटतं म्हणूनच ते दृश्य इतकं लागतं. रागावलेल्या आईला सोडून जाणं सोपं आहे. पाण्याची आठवण करून देणारीला कसं सोडायचं?

कॅमेरा पूर्ण वेळ जमिनीजवळ आहे. मुलीचा चेहरा बसमध्ये चढेपर्यंत दिसतच नाही, आणि दिसतो तोही काचेमागे. आपण आधी तिच्या टाचेला ओळखतो, मग तिला. फार हुशारीनं केलंय. सरांना दाखवलं, तेही म्हणाले, सुरुवात असावी तर अशी.

तुझी गाडी कुठवर आली? थांबू नकोस.

आणि मी माझी सुरुवात लिहिली. तुझ्यावर. सोबत पान पाठवतेय, वाच आणि चालेल का सांग. सोळा वर्षांची मुलगी अंधाऱ्या थेटरात बॅटरी घेऊन उभी आहे. पडद्यावर कुणीतरी हसतंय, त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडतो. ती दुसऱ्यांना जागा दाखवतेय, तिला स्वतःला जागा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी. सरांना फार आवडलं.

तुझी,
ठकू


२२ जुलै

ठकू,

तुझं पान वाचलं. लिहिलंयस छान, अक्षर पण सुधारलंय. पण ही कोण रडूबाई? मी सोळाची असताना थेटरात नव्हते, आणि थेटरात रडायला मला वेळ कुठला! डोळ्यांत पाणी असतं तर मी लोकांना चुकीच्या रांगेत बसवलं असतं. जागा नाही म्हणे. अगं, मी म्हणेन तिथे शेठ लोक बसायचे. उजेड डोळ्यांवर मारला की मोठा मोठा माणूस गप्प खाली बसायचा. तुझ्या सरांना बिचारी पोरगी हवी असेल तर त्यांनी दुसरीकडे शोधावी.

पण तुला लिहायला बसले ते यासाठी नाही.

रविवारी तुझा बाप टेम्पो घेऊनच आला. माझं कपाट न्यायला. म्हणाला, थोडं थोडं नेऊ, शेवटी धांदल नको. खुर्चीवर गाडी शिकायची लाल अक्षराची पाटी होती, ती त्यानं उचलली. आधी हसला. त्याला वाटलं कुणाच्या पोराची आहे. मी सांगितलं सगळं, व्हॅन, खोली, शाळा. तो एकदम ओरडला नाही. आधी म्हणाला तुझे डोळे तपासलेस का. मग म्हणाला पन्नाशीत बायका गाड्या विकतात, शिकत नाहीत. मग म्हणाला, मी असताना माझी बहीण दुसऱ्यांची शेंबडी पोरं वाहणार, चार माणसांत मी तोंड काय दाखवू? वहिनीचे गुडघे पण आले त्यात. मला कामाला नेतोयस का, असं विचारलं तर त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. म्हणाला, तुला एकटीला काही झालं तर मला कळणार पण नाही गं.

मी चिडले. चिडून मी त्याला ती बुटांची पोरगी सांगितली. म्हटलं, मी वेडी नाही, माझ्यासमोर एक पोरगी बूट कापून गेली, आणि मी तिच्या जोरावर अजून उभी आहे.

तो कपाटाला दोर बांधत होता. वर न बघता म्हणाला,

"तो पिक्चर पुरा बघितलायस का तू? ती परत येते. मी बघितला ना, तूच पास दिला होतास."

मग त्यानं गाठ मारली आणि कपाट गेलं. मी त्याला अडवलं पण नाही.

तुझा बाप पिक्चरच्या बाबतीत पहिल्यापासून थापा मारतो. कुणाचाही शेवट कुणालाही लावतो. पण तू बघितलायस. तू आईच्या हाकेबद्दल लिहिलंस, कॅमेऱ्याबद्दल लिहिलंस, टाचेबद्दल लिहिलंस. शेवटाबद्दल एक अक्षर नाही. म्हणून मला वाटतं, तू माझं मन राखायला गाळलंस.

हो की नाही, तेवढं लिही. बाकी काही नको.

आत्या


२८ जुलै

आत्या,

हो.

बाकी काही नको म्हणालीस तरी लिहिते. ती शहरात जाते, राहते, थोडं जमतं, थोडं नाही. शेवटी त्याच बसनं परत येते. आई दारात असते, काही विचारत नाही, तिचे बूट काढते, पाय धुते, आणि आतून नवे बूट आणते. बरोबर मापाचे. मग आई परत हाक मारते आणि ती मुलगी ओ देते. तिथे सगळ्या बायका रडत असणार.

मी लपवलं. तुझं पत्र शेजारी ठेवून मी तो शेवट बघत होते, आणि स्थळ नाकारल्याचं वाक्य सारखं समोर येत होतं. तू त्या सुरुवातीवर घर बांधलंस आणि पायाखाली काय होतं ते मीच तुला सांगायचं? मला जमलं नाही. बाबांनी सांगितलं त्याबद्दल मी त्यांच्याशी फोनवर भांडले. ते म्हणाले, "मला काय माहीत तिनं ते इतकं मनाला लावून घेतलंय."

अजून एक. सरांना मी म्हटलं की मला आता सोळाची मुलगी नको, पन्नाशीची बाई हवी. गाडी शिकणारी. ते म्हणाले तो वेगळा सिनेमा झाला, मोठं होणं सोळाव्यात होतं, पन्नाशीत होतं ते फार तर धाडस. आणि मोठं होण्याच्या गोष्टीत परत येणं लागतंच, शरीरानं नाही तर मनानं. ते वाईट माणूस नाहीत, विचार करूनच बोलतात. पण मी ऐकलं नाही. नवीन दृश्य लिहून दिलं. एक बाई व्हॅनच्या सीटवर बसतेय, सीट खोल आहे, ती खाली उशी घेते, तरी पाय पुरत नाहीत. कुणीतरी हाक मारतं. कॅमेरा मिळाला नाही तर नाही.

तू शिकणं सोडलंस का? ड्रायव्हरकाकांचं काहीच लिहिलं नाहीस. एक ओळ तरी पाठव.

तुझी,
ठकू


१४ ऑगस्ट

आत्या,

उत्तर नाही. फोन बंद. बाबा म्हणतात तू ठीक आहेस पण बोलत नाहीस. बाबा म्हणतात खोलीतला पंखा बसवून झालाय. माझं चुकलं. सुरुवातीला सांगायला हवं होतं. रागावून का होईना, लिही.

ठकू


६ सप्टेंबर

ठकू,

रागावले होते, आता नाही. बस, यावर परत रडकं पत्र नको.

शिकणं मी सोडलं होतं, हे खरं. तुझं ते एका शब्दाचं उत्तर आलं आणि मी पाटी कपाटात टाकली असती, पण कपाट तुमच्याकडे, म्हणून पलंगाखाली ढकलली. दारावर उभी राहायची, तिकिटं फाडायची, आणि आतल्या अंधारात पाय टाकायला नको वाटायचं. पहिल्यांदाच माझ्याकडून माणसं चुकीच्या रांगेत बसली.

मग ड्रायव्हरकाका थेटरात आले, बाई येत का नाहीत बघायला. मी त्यांना सगळं सांगितलं. पोरगी, बूट, स्थळ, शेवट. सगळं ऐकून म्हणाले, काय म्हणालात? तो कान! मग मी दुसऱ्या बाजूला जाऊन परत सांगितलं, मोठ्यानं, तिकिटाच्या रांगेसमोर. आणि दुसऱ्यांदा ओरडून सांगताना माझं मलाच ऐकू आलं. मी काय सांगतेय, तर कुणा एका माणसानं कुठेतरी बसून पोरीला परत आणली, म्हणून मी आता गाडीत बसायचं नाही. ठकू, मला इतकी लाज वाटली की मी तिकीट फाडायचं सोडून हसत सुटले.

तिला परत आणली ती पिक्चरवाल्यानं. त्याला बायका रडवायच्या होत्या. पण बूट तिनं कापले ना? मी बघितले कापताना. पुढे त्यानं बरोबर मापाचे नवे दिले म्हणून कापलेले काही जोडले जात नाहीत. तुझे सर म्हणतात शेवट म्हणजे सुरुवातीला दिलेलं उत्तर. असेल. पण ते त्यांच्या पिक्चरच्या सुरुवातीला. माझ्या सुरुवातीला त्यांनी कशाला उत्तर द्यायचं?

आणि एक सांगू? तो शेवट मला तेव्हा कळला असता तर मी घाबरले असते. ते स्थळ घेतलं असतं, घाबरून घेतलं असतं. माझी समजूत चुकीची होती आणि तिच्यावर काम बरोबर झालं. बरं झालं तेव्हा चहा उकळत होता.

थेटर बंद झालं. मालक म्हणाले, शेवटच्या खेळाला तू आत बस, खुर्चीवर, पुरा बघ. चांगल्या मनानं म्हणाले. मी म्हटलं, मग दारावर कोण उभं राहील? उभी राहिले, दार ओढून घेतलं, चहा केला.

गाडीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. साहेब म्हणाले उजवीकडे वळा, मी आधी त्यांच्याकडे वळून बघितलं. दुसऱ्यांदा साहेबांकडे बघितलंच नाही. पास. खोली मिळाली. गॅरेजवर आहे, तेलाचा वास येतो, खिडकी लहान आहे आणि तिला जाळी नाही. तुझ्या बापाला मी स्वतः जाऊन सांगितलं की मी तुमच्याकडे राहायला येणार नाही, वहिनीला कामाला बाई बघा, मी ओळखीची बघून देते, आणि मी रविवारी पाहुणी म्हणून येईन. तो म्हणाला, पंखा बसवलाय. मी म्हटलं, चांगलं केलंस, ठकूला सुट्टीत होईल.

तुझ्या पिक्चरबद्दल. पन्नाशीची बाई घे किंवा नको घेऊ, ते तुझं आणि तुझ्या सरांचं. मोठी झाले का धाडस केलं, मला फरक कळत नाही. पण ती उशी काढ. उशी नाहीये. सीट पुढे ओढता येते, माझे पाय व्यवस्थित पोचतात. आणि मला काही कमी पडतंय असं दाखवायचंच असेल तर आरसा दाखव. आतला आरसा लहान आहे, त्यात सगळी पोरं एकदम दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही तेच दुसऱ्याचा डबा उघडत असतं.

आता सोमवारचं सांगते. माझा पहिला दिवस. पोरांचे पत्ते शाळेनं दिले, आणि बघते तर त्यातलं एक घर तुमच्याच गल्लीतलं. तुमच्या दाराच्या पुढचं, गल्लीच्या टोकाचं. ते जुळं नाही का, एक हसतं आणि एक चावतं, तेच. मी शाळेला म्हणू शकले असते की ती पोरं कोपऱ्यावर आणून सोडायला सांगा. म्हटलं नाही. माझ्या व्हॅनचा रस्ता माझा भाऊ कुठे राहतो यावर ठरणार नाही.

घेतली आत. दारादारांत बायका आल्या. तुझी आई गुडघे धरून पायरीवर उतरली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली, हसत होती का काय कळलं नाही. तुझा बाप पेपर घेऊन फाटकात. पायजमा, बनियन, चष्मा डोक्यावर. मी समोर बघितलं. जुळ्यांना घेतलं, चावणाऱ्याला पुढे बसवलं, दार लावलं.

आणि मग लक्षात आलं, तुमची गल्ली पुढे बंद आहे. वळवायला जागा नाही. जेवढी आत आले तेवढी सगळी मागे मागे न्यायची, दोन्हीकडे फाटकं, पायऱ्या, कुंड्या, एक स्कूटर, आणि सगळी आळी बघायला उभी.

मागचा गिअर टाकला. व्हॅन हलली. आरशात बघते तर मागे तुझा बाप. पेपर काखेत, गल्लीच्या मधोमध, दोन्ही हात हलवतोय आणि ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, अगं डावीकडे, कुंडी आहे." कुणी बोलावलं नव्हतं त्याला. घामाघूम झाला होता. पोरं टाळ्या पिटायला लागली.

मी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून म्हणाले, "दादा, बाजूला हो. मला दिसतंय."

झाला बाजूला.

आत्या